कापसाच्या पाकिटामागचे वकील

मृग लागण्याच्या सुमारास नागपूर-अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) येथे कपाशीच्या बियाण्याचे पाकीट घेणारा शेतकरी त्या किमतीत वकिलांनी मांडलेल्या एका कराराचेही मोल 2020 पर्यंत चुकते करीत होता, असे म्हटल्यास ते कोणास अतिशयोक्त वाटेल. परंतु बीटी कपाशीचा इतिहास याला साक्ष आहे. 2002 साली तिला परवानगी मिळाली. आरंभीच्या वर्षांत सोळाशे रुपयांच्या वर असलेल्या पाकिटात 1,250 रुपये केवळ तंत्रज्ञानाच्या शुल्काचे होते. हे शुल्क ठरले ते बाजारात नव्हे, तर बियाणे कंपन्या आणि मोन्सॅन्टोची भागीदार कंपनी यांच्यातील परवाना-करारांत. पुढे आंध्र प्रदेश सरकारने तक्रार केली, शुल्क उतरले. 2016 साली केंद्र सरकारने ते 163 रुपयांवरून 49 वर आणले. मूळ पेटंटचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2021 मध्ये दोन्ही पक्षांनी तो आपसांत मिटविला. वादी कंपनी, प्रतिवादीही कंपनीच. ज्याच्या खिशातून पैसे जावयाचे तो मात्र आष्टी तालुक्यात पावसाची वाट पाहत होता.

अशा करारांची भाषा घडविणाऱ्या संस्थांचा विस्तार हा गेल्या पाऊणशे वर्षांतील एक लक्षणीय आर्थिक बदल होय. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन कंपन्या परदेशी गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांचे वकील. शिकागो येथे 1949 साली निघालेल्या बेकर अँड मॅकेन्झी या पेढीने 1955 मध्येच व्हेनेझुएलातील काराकास येथे कचेरी थाटली. 1987 साली लंडनमधील दोन पेढ्या एकत्र येऊन क्लिफर्ड चान्स झाली. कर्क्लंड अँड एलिस या पेढीचे एका वर्षाचे उत्पन्न 2023 साली सात अब्ज डॉलरांच्या पुढे गेले. येथे वकिली हा एका नामांकित व्यक्तीचा व्यवसाय राहत नाही. शेकडो भागीदार, हजारो साहाय्यक आणि तासातासाचा हिशेब असलेला तो एक कारखाना होतो. न्यायालयात उभे राहणे हे त्याचे गौण काम; वाद उद्भवण्यापूर्वीच त्याचा निकाल कागदावर बांधून ठेवणे हे मुख्य.

आपल्याकडे अशा पेढ्या नव्हत्या असे नाही. क्रॉफर्ड बेली ही मुंबईची सॉलिसिटरांची पेढी 1830 मधली, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाहून बत्तीस वर्षांनी वडील! तथापि 1956 च्या कंपनी कायद्याने भागीदारांची संख्या विसावर रोखली होती आणि वकिलांना जाहिरात वर्ज्य होती. मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा कायदा 2008 साली आला, तेव्हा कोठे मुंबई-दिल्लीच्या पेढ्यांना वाढीची वाट मोकळी झाली.

दरम्यान उदारीकरणाच्या दशकात रिझर्व्ह बँकेने व्हाइट अँड केस, चॅडबोर्न अँड पार्क आणि ॲशर्स्ट या तीन परदेशी पेढ्यांना संपर्क-कार्यालये उघडू दिली. ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ने 1995 मध्ये त्यास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. निकाल लागला डिसेंबर 2009 मध्ये. वकिलांनाही आपल्या प्रश्नासाठी चौदा वर्षे थांबावे लागते, हे पक्षकारांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सल्ला देणे व दस्त करणे ही देखील वकिलीच आहे, सबब 1961 च्या ॲडव्होकेट्स कायद्याखाली नोंद नसलेल्यास ती करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये हेच तत्त्व मान्य केले, मात्र प्रासंगिक येऊन सल्ला देऊन परतण्यास हरकत घेतली नाही. पुढे बार कौन्सिलनेच मार्च 2023 मध्ये नियम करून परस्परतेच्या अटीवर दार किलकिले केले व मे 2025 मध्ये त्यांत दुरुस्ती केली. परदेशी पेढीला न्यायालयात उभे राहता येणार नाही. परदेशी कायदा व आंतरराष्ट्रीय लवाद एवढेच तिचे क्षेत्र.

या निर्बंधात देशी वकिलांचे हित आहे, यात शंका नाही. ते लोकांचेही हित आहे काय, हा प्रश्न निराळा. बियाण्याचा खटला भारतीय वकिलांनीच लढविला; तेवढ्याने शेतकऱ्याची बाजू मांडली गेली असे होत नाही. याहून बोलके उदाहरण दाभोळचे. डिसेंबर 1993 मध्ये महाराष्ट्राच्या वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. राज्याची हमी, केंद्राची प्रतिहमी आणि लवाद लंडनमध्ये, अशी त्याची बांधणी होती. परदेशी कंपनीकडून अशी खरेदी करण्याचा मंडळास अनुभव नव्हता. प्रकल्प परवडणारा नाही, असे जागतिक बँकेने त्याच वर्षी सांगून ठेवले होते. 1995 मध्ये युती सरकारने करार रद्द केला तेव्हा त्यातील कलमांचे खरे वजन कळले. कंपनी लवादाकडे गेली, वाटाघाटी झाल्या आणि करार नव्या रूपाने पुन्हा अंगावर आला. 2001 साली मंडळाने वीज घेणे थांबविले. कलह त्यापुढेही चालला. तेव्हा मुंबईत कोणा परदेशी पेढीची पाटी होती की नव्हती, याने काय फरक पडला? उणीव होती ती सार्वजनिक संस्थेच्या बाजूला तुल्यबळ तयारीने, सह्या होण्यापूर्वी, प्रत्येक कलम वाचून हरकत घेणाऱ्याची.

असा मनुष्य तयार कोठे व्हावा? वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयाची भाषा मराठी. नागपूर खंडपीठात इंग्रजी. करारांची तर सर्वस्वी इंग्रजी. नागपुरास 2016 पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, तळेगावाहून एस.टी.ने काही तासांवर. परंतु त्याची प्रवेशपरीक्षा इंग्रजीतून होते. बड्या पेढ्या आपले उमेदवार बहुतांशी अशाच विद्यापीठांतून निवडतात. सरकार, वीज कंपनी, बाजार समिती, सहकारी सूतगिरणी यांचे करार तपासण्यासाठी तितकीच कसून निवड आणि तितकेच वेतन देणारी व्यवस्था मात्र उभी राहिलेली नाही. मराठी माध्यमातून शिकलेला तळेगावचा विद्यार्थी एलएल.बी. होऊन आर्वी-वर्ध्याच्या न्यायालयात फेरफार, वाटप आणि धनादेश न वटल्याची प्रकरणे चालवितो. ती कामेही आवश्यकच आहेत. फक्त त्याच्या बापाने घेतलेल्या पाकिटाचा करार त्याच्या हाती कधी येत नाही.