सालामांकातील घर

स्पेन देशाच्या पश्चिम भागात तोर्मेस नदीच्या काठी सालामांका नावाचे एक प्राचीन नगर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर ते वसले आहे. तेथील जुन्या इमारती जवळच्याच व्हियामायोर गावच्या दगडाने बांधलेल्या आहेत. खाणीतून काढला तेव्हा हा दगड मऊ असतो. पुढे हवा लागून तो टणक होतो आणि त्यावर सोनेरी छटा चढते. म्हणून मावळत्या उन्हात सारे नगर सोन्याचे पाणी दिल्यासारखे झळकते.

या नगरातील विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले. आंतोनिओ दे नेब्रिहा या पंडिताने स्पॅनिश भाषेचे व्याकरण लिहिले, तेही १४९२ साली येथेच छापले गेले. युरोपातील लोकभाषांपैकी छापलेले असे ते पहिलेच व्याकरण होय. आजही देशोदेशीचे विद्यार्थी स्पॅनिश भाषा शिकण्यासाठी सालामांकाला येतात. त्यांतील पुष्कळ जण वसतिगृहात न राहता एखाद्या स्पॅनिश कुटुंबात राहतात. खोली आणि दोन वेळचे जेवण यांबद्दल विद्यार्थ्याने ठरलेली रक्कम द्यावयाची, आणि कुटुंबाने त्याची सोय पाहावयाची, असा हा व्यवहार असतो. मुले मोठी होऊन दूर गेली, खोली रिकामी पडली, संसाराला थोडा हातभार हवा, अशा कारणांनी ही कुटुंबे विद्यार्थी ठेवतात. पैसे दिले म्हणजे खोली मिळते. त्या खोलीचे घर मात्र हळूहळू व्हावे लागते.

पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याची थोडी तारांबळ उडते. दार उघडताच यजमानीण पुढे येते आणि आपला गाल त्याच्या गालाला लावून दोन्ही बाजूंनी चुंबनाचा आवाज करते. स्पेनमधील आपुलकीच्या स्वागताची हीच रीत आहे. नमस्कारासाठी जोडलेले हात कोठे ठेवावेत, हे भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याला क्षणभर सुचत नाही. मग तो घराच्या स्वच्छतेचा मान राखावा म्हणून दाराशी जोडे काढतो आणि अनवाणी आत जातो. लगेच यजमानीण त्याच्या पायांकडे बोट दाखवून काळजीच्या स्वरात काही बोलू लागते. तेथील फरशी थंडगार असते; अनवाणी चालल्याने सर्दी होते, अशी घरोघरच्या बायकांची पक्की समजूत आहे. आपल्याकडे ज्यात आदर दिसतो, त्यात तेथे निष्काळजीपणा दिसतो! शेवटी ती त्याच्यापुढे सपाता आणून ठेवते. गंमत अशी, की जोड्याला स्पॅनिश भाषेत ‘थापातो’ आणि शेजारच्या पोर्तुगीज भाषेत ‘सापातु’ म्हणतात. मराठीतील ‘सपात’ हा शब्द त्या पोर्तुगीज शब्दावरूनच आला आहे.

दुसऱ्या दिवसापासून नित्यक्रम सुरू होतो. सकाळची न्याहारी अगदी हलकी असते. दूध घातलेली कॉफी, भाजलेला पाव, त्यावर ऑलिव्हचे तेल आणि कुस्करलेला टोमॅटो, एवढे खाऊन विद्यार्थी वर्गाला जातो. बारा वाजता त्याच्या पोटात कावळे ओरडू लागतात. परंतु घरी जेवणाची ताटे अडीच वाजल्याशिवाय मांडली जात नाहीत. रात्रीचे जेवण तर साडेनऊ-दहाला! ‘हे लोक इतक्या उशिरा का जेवतात?’ असा प्रश्न प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याला पडतो.

याचे एक कारण सूर्यात आणि घड्याळात दडलेले आहे. लंडनमधील ग्रिनिचवरून जाणारी शून्य रेखा स्पेनच्या पूर्व भागातून जाते आणि बहुतेक देश तिच्या पश्चिमेला आहे. तेव्हा स्पेनची वेळ इंग्लंडच्या वेळेइतकी असावी, हे उचित झाले असते. पूर्वी ती तशी होतीही. परंतु १९४० साली तेथील घड्याळे एक तास पुढे सरकवण्यात आली आणि ती पुन्हा मागे घेतली गेली नाहीत. त्यामुळे सालामांकात सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा हिवाळ्यात घड्याळात सुमारे एक वाजून पंचवीस मिनिटे झालेली असतात. उन्हाळ्यात घड्याळे आणखी एक तास पुढे असतात. तेव्हा माध्यान्ह होते सुमारे दोन वाजून पंचवीस मिनिटांनी. म्हणजे उन्हाळ्यात अडीचला जेवणारे कुटुंब सूर्याच्या हिशेबाने ऐन दुपारीच जेवत असते. जुन्या सवयी, कामाच्या वेळा आणि लांबलेल्या संध्याकाळी यांचाही या वेळापत्रकात वाटा आहेच.

दुपारचे जेवण हे दिवसातील मुख्य जेवण होय. प्रथम मसुरांची किंवा हरभऱ्यांची दाट आमटी अथवा भाजीचे सार, मग मासे किंवा मांस, आणि शेवटी फळ, असा त्याचा क्रम असतो. पावाचा तुकडा ताटलीत न ठेवता शेजारी टेबलावरच ठेवतात. आमटीतही बहुधा मांसाचे तुकडे असतात; म्हणून शाकाहारी विद्यार्थ्याला ते आधीच सांगावे लागते. मग यजमानीण त्याच्यासाठी वेगळे पातेले चढवते; पण ‘एवढ्याशा खाण्याने हा जगणार कसा?’ अशी तिची चिंता काही मिटत नाही, आणि ती त्याला पुनःपुन्हा आग्रह करीत राहते.

जेवण संपले तरी कोणी लगेच उठत नाही. फळांच्या साली ताटलीत तशाच असतात आणि गप्पांना रंग चढतो. जेवणानंतरच्या या बैठकीला स्पॅनिश भाषेत ‘सोब्रेमेसा’ असा स्वतंत्र शब्दच आहे. विद्यार्थ्याची खरी परीक्षा येथे होते. वर्गातील शिक्षक सावकाश आणि स्पष्ट बोलतात. घरची माणसे मात्र भराभर आणि एकाच वेळी बोलतात. प्रारंभी त्यातील एखादाच शब्द त्याच्या हाती लागतो. धीर करून तो बोलायला जातो, तो भलतेच घडते. ‘आंब्रे’ म्हणजे भूक आणि ‘ओंब्रे’ म्हणजे पुरुष. ‘मला भूक लागली’ असे म्हणताना एका स्वराची चूक झाली, की ‘माझ्याजवळ पुरुष आहे’ असा अर्थ होतो! ‘कान्सादो’ म्हणजे थकलेला आणि ‘कासादो’ म्हणजे विवाहित. दिवसभराच्या अभ्यासाने दमलेला विद्यार्थी ‘मी फार विवाहित आहे’ असे गंभीरपणे सांगतो, तेव्हा सारे घर खो-खो हसते. त्याचे कान लाल होतात; पण ते दोन शब्द तो पुढे जन्मात विसरत नाही.

मराठी मुलाला या भाषेत काही ओळखीचे चेहरेही भेटतात. आपण ज्याला ‘तू’ म्हणतो, त्याला स्पॅनिश माणूसही ‘तू’च म्हणतो. परक्या किंवा वडीलधाऱ्या माणसासाठी ‘उस्तेद’ असा आदरार्थी शब्द आहे. दाताला ‘दिएन्ते’, नव्याला ‘नुएव्हो’, साताला ‘सिएते’ म्हणतात. स्पॅनिश ही लॅटिनची लेक आणि मराठी संस्कृतच्या परिवारातील. ही दोन्ही घराणी फार प्राचीन काळी एकाच मूळ भाषेतून निघाली, म्हणून हे साम्य दिसते. उलट, नारिंगाला स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’ म्हणतात. हा शब्द मात्र भारतातून इराणी आणि अरबी भाषांच्या वाटेने स्पेनपर्यंत पोहोचला.

जेवणानंतर थोडा वेळ विश्रांतीचा असतो. तिला ‘सिएस्ता’ म्हणतात. सूर्योदयापासून सहावा प्रहरतास या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले. सगळेच स्पॅनिश लोक दुपारी झोपतात, अशी एक समजूत आहे. पण नोकरीमुळे पुष्कळांना ते शक्य होत नाही. तरी लहान गावांतील अनेक दुकाने या वेळी बंद असतात आणि घरात आवाज न करण्याचा शिष्टाचार पाळला जातो. सायंकाळी लोक फिरावयास बाहेर पडतात. आजोबा, आजी, बाबागाडीतील बाळ, सारे ‘प्लासा मायोर’ या मुख्य चौकात येतात. १७२९ ते १७५५ या काळात बांधलेला हा चौक चारही बाजूंनी कमानींनी वेढलेला आहे. ‘घड्याळाखाली भेटू’ एवढे म्हटले, की कोठे भेटावयाचे हे सालामांकात प्रत्येकाला कळते.

परंतु सगळेच दिवस सुखाचे जात नाहीत. प्रथमचे नावीन्य ओसरते, हिवाळा जवळ येतो, रात्री पारा शून्याखाली उतरू लागतो. घराची आठवण येऊन विद्यार्थ्याचा जीव व्याकूळ होतो. बोलताना चुका होतील म्हणून तो खोलीचे दार लावून पुस्तक पुढे धरून बसतो. नेब्रिहाच्या नगरात व्याकरण तर पुष्कळ मिळते. पण त्याला हवा असतो तो सोबतीचा शब्द. अशा वेळी दारावर टकटक होते. घरातील आजी त्याला बैठकीच्या खोलीत बोलावते. तेथे एक गोल टेबल असते आणि त्यावरून जमिनीपर्यंत जाड कापड सोडलेले असते. टेबलाखाली ‘ब्रासेरो’ नावाची शेगडी असते; पूर्वी तीत निखारे असत, आता ती बहुधा विजेची असते. सर्वांनी भोवती बसून कापड मांड्यांवर ओढून घ्यावयाचे, म्हणजे पायांना छान ऊब मिळते. ही ऊब एकट्याच्या खोलीत मिळत नाही. तिच्यासाठी चारचौघांत येऊन बसावे लागते. आजी विणकाम करता करता काहीबाही सांगत असते. निम्मे कळते, निम्मे कळत नाही. तरी मन हलके होते.

हळूहळू विद्यार्थ्याचे पाय स्वयंपाकघराकडे वळतात. रात्रीच्या जेवणाला पुष्कळदा ‘तोर्तिया’ असते. बटाट्याच्या चकत्या ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर शिजवून, फेटलेल्या अंड्यांत मिसळून केलेले हे जाड धिरडे होय. त्यात कांदा घालावा की घालू नये, यावर स्पेनमध्ये घरोघरी वाद होतात. ज्या बटाट्याशिवाय हा पदार्थ होऊच शकत नाही, तो मुळात दक्षिण अमेरिकेतील डोंगराळ प्रदेशातला. स्पॅनिश लोकांनी तो सोळाव्या शतकात युरोपात आणला. तोर्तिया उलटणे हे कौशल्याचे काम. तव्यावर ताटली पालथी धरावयाची आणि एका झटक्यात तवा उलटा करावयाचा. विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रयत्नात निम्मी तोर्तिया ओट्यावर सांडते. यजमानीण रागावत नाही. ती फडके त्याच्या हाती देते आणि तवा पुन्हा चुलीवर ठेवते. पाहुण्याच्या हाती कोणी फडके देत नसते. ते घरच्या माणसाला दिले जाते, हे तेव्हा त्याच्या ध्यानात येते.

शिक्षणाचे महिने संपतात आणि निरोपाचा दिवस उजाडतो. आता विद्यार्थी दोन्ही गालांचे स्वागत न अडखळता करतो, ‘आंब्रे’ आणि ‘ओंब्रे’ यांत गफलत करीत नाही आणि सपातांशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकत नाही. यजमानीण त्याच्या हाती पावात घातलेल्या तोर्तियाची पुडी देते आणि प्रवासात उपाशी न राहण्याबद्दल बजावते. ठरलेल्या रकमेचा हिशेब केव्हाच पुरा झालेला असतो; ही पुडी त्या हिशेबात नसते. गाडी सुटते, सोनेरी दगडांचे नगर मागे पडते, आणि दूर देशी आपले आणखी एक घर आहे, असे समाधान मनात घेऊन विद्यार्थी आपल्या घराची वाट धरतो.