कार्बनचे दान, गंधकाचा स्वीकार

नेहमीचा कार्बन चार बंध करतो. कार्बीनमधला कार्बन मात्र दोनच बंधांवर थांबतो. त्याच्याभोवती आठऐवजी सहाच बाह्य इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांतली एक जोडी मोकळी असते. त्यामुळे कार्बीन टिकतच नाही, असे दीर्घकाळ मानले जाई. १९९१ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीतल्या अँथनी आर्डुएंगो यांनी कार्बीनचे स्फटिक वेगळे केले. शेजारचे दोन नायट्रोजन त्या कार्बनच्या रिकाम्या कक्षकाला इलेक्ट्रॉनांचा टेकू देतात, हे त्याच्या स्थैर्याचे एक मोठे कारण.

असे कार्बीन गंधकाच्या पुडीत मिसळले, की आठ अणूंचे गंधकाचे कडे तुटते आणि एकेक गंधक एकेका कार्बीनला चिकटतो. तयार होतो तो थायोन. साध्या बंधात दोन्ही अणू एकेक इलेक्ट्रॉन देतात. इथे मात्र जोडी कार्बनची आणि घेणारा गंधक, असे मांडता येते. हाच समन्वय बंध. म्हणून तो काही रसायनशास्त्रज्ञ बाणाने दाखवतात, काही दुहेरी रेघेने. बंधाची लांबी सुमारे १.७ अँगस्ट्रॉम, म्हणजे एकेरी आणि दुहेरी बंधांच्या मधली. गंधकाकडे ऋणभार झुकलेला असतो.

वाट उलटीही चालते: पोटॅशियम धातूने थायोनमधला गंधक काढला, की कार्बीन परत मिळते.

थायरॉइड अतिसक्रिय झाल्यावर दिले जाणारे मेथिमाझोल याच थायोन घराण्यातले.