बॉयलरमधून ठिबकणारे पाणी

थंड पाण्याने भरलेले स्टीलचे पातेले गॅसच्या शेगडीवर ठेवा आणि लगेच त्याच्या बाहेरच्या बाजूकडे पाहा. बुडाजवळ क्षणभर ओल दिसते, कधी बारीक थेंबही दिसतात. पातेले गळके नाही. मग हे पाणी कोठून आले? ते ज्वालेतून आले. इंधनातील हायड्रोजन जळून पाण्याची वाफ झाली आणि थंड धातूला लागताच ती पुन्हा पाणी झाली. पातेले तापले की ओल नाहीशी होते. ब्रिटनमधील घरांत जुना बॉयलर काढून नवा ‘कॉम्बी’ बॉयलर बसवतात, तेव्हा गॅसची बचत किती होईल हे बऱ्याच अंशी याच ओलीवर ठरते.

जुनी आणि नवी व्यवस्था

ब्रिटनमधील दोन कोटींहून अधिक घरे गॅसच्या बॉयलरने ऊबदार ठेवली जातात. नाव बॉयलर असले तरी त्यात पाणी उकळत नाही. तापलेले पाणी पंपाने खोल्याखोल्यांतील रेडिएटरमधून फिरते आणि निवून परत येते. जुन्या पद्धतीत अंघोळीचे पाणी तांब्याच्या एका टाकीत तापवून साठवत आणि त्या टाकीसाठी माळ्यावर थंड पाण्याची दुसरी टाकी असे. आपल्याकडच्या बंबाचीही हीच रीत: आधी तापवा, मग वापरा. वापर झाला नाही तर साठवलेली उष्णता हळूहळू वाया जाते.

कॉम्बी बॉयलरमध्ये या दोन्ही टाक्या लागत नाहीत. नळ उघडला की आतली झडप बाजू बदलते, रेडिएटरकडे जाणारी उष्णता नळाच्या पाण्याकडे वळते आणि पाणी वाहता वाहता तापते. आपल्या न्हाणीघरातील गॅस गीझरही पाणी असेच वाहते असताना तापवतो. मात्र यासाठी मोठी शक्ती लागते. समजा, मिनिटाला १० लिटर पाणी १० अंश सेल्सिअसवरून ४५ अंशांवर न्यायचे आहे. १० × ४.२ × ३५ = १४७० किलोज्यूल दर मिनिटाला, म्हणजे सुमारे २४.५ किलोवॉट. मध्यम आकाराच्या घराला कडक थंडीतही साधारण ६ ते १० किलोवॉट पुरतात. म्हणजे कॉम्बी बॉयलरची क्षमता घराच्या गरजेवर नव्हे, अंघोळीच्या गरजेवर ठरते. दोन न्हाणीघरांत एकाच वेळी नळ सोडले की धार का मंदावते, हेही या गणितावरून कळेल.

वाफेतली उष्णता

टाकी गेल्याने काही बचत होते, पण मोठी बचत दुसरीकडे आहे. नैसर्गिक वायूत मुख्यतः मिथेन असतो.

CH₄ + २O₂ → CO₂ + २H₂O

१६ ग्रॅम मिथेन जळला की ३६ ग्रॅम पाणी तयार होते. म्हणजे एक किलोपासून २.२५ किलो. एक किलो मिथेनपासून एकूण सुमारे ५५.५ मेगाज्यूल उष्णता मिळते. त्यातील सुमारे ५.५ मेगाज्यूल, म्हणजे दहावा हिस्सा, या वाफेची अप्रकट उष्णता असते. जुन्या बॉयलरमधून ती धुराड्यावाटे आकाशात जाई. तो दोष जाणूनबुजून पत्करलेला होता. वायू गरम राहिले तरच ते धुराड्यातून आपोआप वर चढत. शिवाय वाफ आतच निवली असती, तर त्या किंचित आम्लयुक्त पाण्याने बिडाचा बॉयलर गंजला असता.

नव्या बॉयलरमध्ये पंखा वायूंना बाहेर ढकलतो आणि उष्णता घेणारा भाग गंजरोधक पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. त्यामुळे वाफ आतच निववता येते. निवलेले पाणी प्लॅस्टिकच्या नळीतून ठिबकत बाहेर जाते. इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून, काही अपवाद वगळता, नवा गॅस बॉयलर असा संघनन करणाराच असावा लागतो. युरोपातील काही माहितीपत्रकांत अशा बॉयलरची कार्यक्षमता १०० टक्क्यांहून जास्त दिलेली असते. त्यात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडलेला नाही. इंधनाची उष्णता मोजताना वाफेचा हिस्सा धरलेला नसतो, इतकेच.

अट एकच

ज्वलनातील वायूंचा दवबिंदू सुमारे ५५ अंश असतो. रेडिएटरमधून परतणारे पाणी त्याहून थंड असेल तरच वाफ चांगली निवते. जुन्या सवयीप्रमाणे पाणी ८० अंशांवर पाठवले आणि ते ६० अंशांवर परतले, तर संघनन जवळजवळ होतच नाही. बॉयलर नवा, पण वाफ पूर्वीसारखीच बाहेर. तापलेल्या पातेल्याची ओल नाहीशी होते, तसेच हे. ६० अंशांवर पाठवून ४० अंशांवर परत आणले तर मात्र पाणी ठिबकू लागते. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारनेही कॉम्बी बॉयलर असणाऱ्यांना हे तापमान ६० अंशांवर ठेवण्याचा सल्ला दिला.

याची किंमतही आहे. २० अंशांच्या खोलीत पहिल्या स्थितीत रेडिएटर आणि हवा यांच्या तापमानांतील सरासरी फरक ५० अंश, दुसऱ्या स्थितीत ३० अंश. त्यामुळे रेडिएटर जवळजवळ निम्मीच उष्णता देतो. बहुतेक दिवस ती पुरते, पण रेडिएटर जास्त वेळ चालू ठेवावे लागतात. कडाक्याच्या थंडीसाठी ते मोठे घ्यावे लागतात किंवा घराच्या भिंती व छत उष्णतारोधक करावे लागतात. नळाच्या पाण्याचे तापमान कॉम्बीमध्ये वेगळे ठरवता येते, म्हणून अंघोळीला अडचण येत नाही. बदल करताना जुन्या नळ्यांत साठलेला काळा लोहगाळ धुऊन काढणेही आवश्यक असते, नाहीतर तो नव्या बॉयलरच्या अरुंद वाटा बुजवतो.

विद्यार्थ्यांसाठी

आरंभीचा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली बर्फाचे पाणी, साधे पाणी आणि गरम पाणी घेऊन करावा. खिडक्या उघड्या असाव्यात. ओल प्रत्येक वेळी किती सेकंद टिकते ते मोजावे आणि पाण्याचे तापमान नोंदवावे. नंतर एक गणित घालावे: स्वयंपाकाचा गॅस पूर्णपणे ब्यूटेन (C₄H₁₀) आहे असे धरले, तर १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत किती पाणी तयार होईल? उत्तर सुमारे २२ लिटर येते. एवढे पाणी वाफ होऊन दर सिलिंडरमागे आपल्या खिडकीतून बाहेर जात असते.