भाट्ये खाडीचे जीवधन आणि बागायतदारांचे कर्तव्य

सह्याद्रीत उगम पावणारी काजळी नदी रत्नागिरीच्या दक्षिणेस भाट्ये येथे समुद्रास मिळते. येथील खाडीत तिसऱ्या, कालवे, कुर्ल्या व कोळंबी वाढतात आणि कांदळवनाच्या मुळांत माशांची पिले आश्रय घेतात. ओहोटीस शिंपले वेचणाऱ्या कुटुंबांना त्यातून चार पैसे मिळतात. याच गावी १९५५ साली नारळ संशोधन केंद्र स्थापन झाले. बाग आणि खाडी हे येथील सख्खे शेजारी होत.

वरच्या अंगाच्या बागेत जे सांडते ते पऱ्यावाटे खाडीत उतरते. आंब्याच्या मोहोरावरील तुडतुड्यांसाठी फवारण्यात येणारी सायपरमेथ्रिनसारखी औषधे मासे, कोळंबी व खेकडे यांनाही अत्यंत घातक असतात. शिंपले पाणी गाळून अन्न मिळवितात. त्यामुळे पाण्यातील विषारी अंश त्यांच्या मांसात साठू शकतो.

असे नुकसान भरून निघते काय? अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे डीडीटी बनविणाऱ्या कारखान्याचे सांडपाणी गटारावाटे समुद्रात जात असे. माशांतून ते विष तपकिरी झोळीवाला या पक्ष्याच्या शरीरात गेले. अंड्यांची कवचे पातळ होऊन ती उबवणाऱ्या पक्ष्याच्या भारानेच फुटू लागली. १९७० साली अनाकापा बेटावर शेकडो जोड्यांमागे एकच पिल्लू वाढले. पुढे ते सांडपाणी थांबले व १९७२ साली त्या देशात डीडीटीच्या वापरावर बंदी आली. पक्षी हळूहळू वाढले आणि २००९ साली त्यांचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून वगळण्यात आले. विष थांबले की निसर्ग सावरतो. मात्र त्यास कित्येक वर्षे लागतात. भारतातही १९८९ साली शेतीत डीडीटी वापरण्यास मनाई झाली.

म्हणून बागायतदार बंधूंनी पुढील दक्षता घ्यावी. तुडतुड्यांचे प्रमाण पाहूनच फवारणी करावी. पावसाची चिन्हे असताना ती टाळावी. पंप व भांडी पऱ्यात किंवा नदीत कदापि धुऊ नयेत. औषधाचा रिकामा डबा तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि डब्यास भोके पाडावीत, म्हणजे तो घरात वापरला जाणार नाही. पऱ्याकाठची झाडी राखावी. कांदळवन तोडू नये.

ग्रामसेवकांनी मोहोर येण्यापूर्वीच गावोगावी बैठका घेऊन हे समजावून द्यावे. बागेचे पीक पदरात पडावे आणि शेजाऱ्याची टोपलीही रिकामी राहू नये, यातच गावाचे हित आहे.