तारीख कोणती? ट्रॅव्हल एजंटाच्या कामातले गैरसमज आणि वस्तुस्थिती

भिलाईतल्या जवळजवळ प्रत्येक घराला एक 'गाव' असतं. 1950च्या दशकात पोलाद कारखाना उभा राहिला, देशभरातून माणसं आली, त्यात विदर्भातली मराठी कुटुंबंही होती. म्हणून इथल्या ट्रॅव्हल एजंटाकडे वर्षभर वर्दळ असते. कुणाला पाळीच्या वेळापत्रकातून चार दिवसांची रजा मिळालेली असते, कुणाला पुण्याला मुलीकडे जायचं असतं, कुणाला पहिल्यांदाच परदेशी. हे काम नीट करायचं म्हणजे काय, याविषयी काही समजुती घट्ट रुजल्या आहेत. त्यांची किंमत शेवटी प्रवासी मोजतो, म्हणून त्या तपासायला हव्यात.

सगळ्यात महाग पडणारी समजूत म्हणजे 'तारीख लिहून घेतली की झालं'. गिऱ्हाईक सांगतं, बारा तारखेला पुण्याला जायचंय, आझाद हिंद एक्स्प्रेसचं तिकीट काढा. वहीत 'बारा' लिहिलं जातं. पण ही गाडी आदल्या रात्री हावड्याहून सुटते आणि शेजारच्या दुर्गला दुसऱ्या दिवशी पोचते. रेल्वे आरक्षणाचे दिवस मोजते ते गाडी जिथून सुटते त्या स्थानकावरच्या तारखेपासून. म्हणजे दुर्गहून बारा तारखेला बसणाऱ्यासाठी गाडीची तारीख अकरा, आणि तत्काळ उघडणार दहा तारखेला: एसीचं सकाळी 10 वाजता, स्लीपरचं 11 वाजता. अकरा तारखेच्या सकाळी तयारीत बसलेला एजंट पूर्ण एक दिवस उशिरा आलेला असतो. साधं आरक्षणही, जे 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं, याच हिशेबाने एक दिवस अलीकडे उघडतं. दुर्गहूनच सुटणाऱ्या अमरकंटक किंवा सारनाथ एक्स्प्रेसला हा घोळ नाही, त्यामुळे नवा माणूस हमखास गोंधळतो.

मुंबईकडे जाणारी गीतांजली दुर्गला मध्यरात्र उलटून गेल्यावर येते. तिकिटावर बारा तारीख असेल तर निघायचं अकराच्या रात्री. प्रवासी मात्र बाराला दिवसभर बॅगा भरतो, जेवून रात्री स्थानकावर जातो, तेव्हा गाडी जाऊन जवळजवळ चोवीस तास होत आलेले असतात. अशा तिकिटावर 'अकराची रात्र' असं पेनाने लिहून द्यावं आणि तोंडीही सांगावं. शिवाय बसायचं कुठे तेही लिहावं, कारण लांब पल्ल्याच्या सगळ्याच गाड्या भिलाई पॉवर हाऊसला थांबत नाहीत.

म्हणून माझं मत असं की या कामात गिऱ्हाइकांच्या नावांची यादी दुय्यम आहे. मुख्य यादी तारखांची हवी. प्रत्येक बुकिंगपुढे एकच प्रश्न: यात पुढचं काम कोणतं आणि कोणत्या दिवशी? आरक्षण कधी उघडणार, विमान कंपनीने धरून ठेवलेली जागा कधी सुटणार, हॉटेल फुकट रद्द करण्याची मुदत कधी संपणार. रोज सकाळी आधी ही यादी उघडायची, फोन नंतर. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी होतं, आणि गुपचूप बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याची मुदत निघून जाते.

'वीस वर्षं हेच करतोय, मला यादी कशाला?' हे वाक्य या धंद्यात मानाने म्हटलं जातं. वस्तुस्थिती उलट आहे. शल्यचिकित्सक अतुल गावंडे, ज्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड भागातले, त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेच्या वेळी वाचायची 19 मुद्द्यांची यादी तयार झाली. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आणि मोठ्या गुंतागुंती 11 टक्क्यांवरून 7 वर आल्या. तिथले डॉक्टर काही नवशिके नव्हते. सवयीचं काम करताना डोळ्यांना जे दिसेल अशी अपेक्षा असते तेच दिसतं, आणि यादी नेमकी तिथे थांबवते.

एजंटाच्या यादीत काय असावं याचं एक उदाहरण देतो. चौघांचं कुटुंब थायलंडला निघालंय. चारही पासपोर्ट एकाच दिवशी काढलेले. आईवडिलांचे दहा वर्षांचे, म्हणून एजंट वरचा एक उघडून मुदत बघतो आणि पुढे जातो. पण लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. शिवाय थायलंड, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरातीसारखे देश पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. धाकट्याच्या पासपोर्टमुळे चौघांची सहल विमानतळावर मोडते. चारही पासपोर्ट उघडायचे, प्रत्येकाचं नाव अक्षर न् अक्षर तिकिटाशी ताडायचं. युरोपचा शेंगेन व्हिसा असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी करावा लागतो. म्हणजे तारखांच्या यादीत आणखी दोन नोंदी.

'सगळं व्हॉट्सॲपवर आहे' ही नवी समजूत. व्हॉट्सॲप बोलण्यासाठी उत्तम आहे, पण तिथे जुनी आणि बदललेली तिकिटं एकाखाली एक पडून राहतात आणि प्रवासी घाईत जुनंच उघडतो. विमानाच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे: एजंटाच्या बुकिंग यंत्रणेतला पीएनआर आणि विमान कंपनीचा पीएनआर वेगळे असू शकतात, आणि वेब चेक-इनला कंपनीचाच चालतो. एका प्रवासाची एक फाइल ठेवावी, कागदी असो वा संगणकातली. बदल झाला की जुना कागद काढून टाकावा. लोकांचे आधार आणि पासपोर्टचे फोटो काम संपल्यावरही फोनमध्ये पडून राहतात, हे मला फार खटकतं. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्येच झाला आहे. तो नसता तरीही ती माहिती लोकांनी विश्वासाने दिलेली असते.

गिऱ्हाइकांच्या बाजूचाही एक गैरसमज आहे: एजंटाकडे तत्काळची वेगळी खिडकी असते. 1 जुलै 2025 पासून अधिकृत एजंटांना तत्काळच्या पहिल्या अर्ध्या तासात तिकीट काढताच येत नाही. एसीसाठी साडेदहा, स्लीपरसाठी साडेअकरा वाजेपर्यंत त्यांना थांबावं लागतं. जो 'आतून काढून देतो' म्हणतो, तो बहुधा वैयक्तिक आयडीवरून धंदा करत असतो. रेल्वे कायद्याच्या कलम 143 खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वेटिंगच्या तिकिटाबद्दलही असाच गैरसमज असतो: चार्ट लागल्यावरही सगळे प्रवासी वेटिंगवरच राहिले तर ई-तिकीट आपोआप रद्द होतं. ते घेऊन गाडीत चढता येत नाही.

विमानाचा रिफंड अडकला की एजंटाने पैसे खाल्ले, असं लगेच बोललं जातं. नियमानुसार एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची आहे. पण अर्ज कोणत्या दिवशी केला याची नोंद एजंटाकडे नसेल तर त्याचं म्हणणं कोण ऐकणार?

तिकीट हाती आलं की ते खिशात घालू नका. नाव, तारीख आणि बसण्याचं स्थानक एजंटासमोर मोठ्याने वाचा. जो एजंट त्यासाठी तुम्हाला दोन मिनिटं बसवून घेतो, त्याच्याकडेच पुन्हा जा.