जाहिरातीच्या प्रत्येक क्लिकला पैसे मोजताना

घरी चकल्या, अनारसे, शंकरपाळे करून विकणाऱ्या भगिनींचा व्यवसाय आता शेजारपाजारापुरता राहिलेला नाही. बडोदे, इंदूर, बंगलोर येथील मराठी कुटुंबेही दिवाळी जवळ आली, की फराळ कुठे मिळेल ते गूगलवर शोधतात. तिथे आपली जाहिरात दिसावी असे वाटणे साहजिकच. ती सुरू करणे सोपे असते. बिल पाहिल्यावर मात्र प्रश्न पडतो, पैसे गेले, मग ऑर्डरी कुठे आहेत?

या जाहिरातीच्या नुसत्या दिसण्याला पैसे पडत नाहीत. कुणी क्लिक केले, तरच पडतात. अमेरिकेत गोटू डॉट कॉमने १९९८ मध्ये ही पद्धत रुजवली, गूगलने २००२ मध्ये स्वीकारली. ऐकायला ती अगदी न्यायाची वाटते. पण क्लिक करणारा गिऱ्हाईकच असेल, हे कुणी सांगितले?

समजा, आपण बडोद्यात फराळ विकता आणि ‘चकली’ हा शब्द निवडलात. ‘चकली कशी करावी’, ‘चकली कडक का होते’, ‘चकलीचा सोऱ्या’ असे शोधणाऱ्यांनाही आपली जाहिरात दिसू शकते. एका क्लिकला ८ रुपये धरले, तर शंभर क्लिकचे ८०० रुपये. त्यातून पाच ऑर्डरी आल्या, तर प्रत्येक ऑर्डर १६० रुपयांना पडली. आता यातले साठ क्लिक पाककृती शोधणाऱ्यांचे असतील आणि ते टाळता आले, तर त्याच पाच ऑर्डरी ३२० रुपयांत, म्हणजे प्रत्येकी ६४ रुपयांना मिळतात. भाव तोच, गळती तेवढी थांबली.

ही गळती शोधायची जागा म्हणजे ‘सर्च टर्म्स’चा तक्ता. लोकांनी प्रत्यक्ष काय लिहून शोधले, ते त्यात बरेचसे दिसते. दर आठवड्याला तो वाचावा आणि नको असलेले शब्द ‘निगेटिव्ह कीवर्ड’च्या यादीत टाकावेत. इथे आपल्याकडे एक खास अडचण आहे. नको असलेल्या शब्दाचे समानार्थी शब्द ही यंत्रणा आपणहून वगळत नाही. त्यामुळे ‘रेसिपी’, ‘कृती’, हिंदीतले ‘विधि’ आणि हेच शब्द रोमन लिपीत, असे सगळे वेगवेगळे लिहावे लागतात. काम कंटाळवाणे खरे, पण तांदूळ निवडण्यापेक्षा अवघड नाही. निवडलेले शब्दही ‘ब्रॉड मॅच’वर सैल सोडू नयेत, ‘चकली ऑर्डर बडोदा’ यासारखी शब्दसंहती ‘फ्रेज’ किंवा ‘एक्झॅक्ट मॅच’मध्ये ठेवावी.

गावाची निवडही नीट तपासावी. बडोदे निवडले, तरी गूगल मुळात बडोद्यात ‘रस’ असलेल्या बाहेरगावच्या लोकांनाही धरते. फक्त तिथे असणाऱ्यांसाठीचा पर्याय आपण स्वतः निवडायचा असतो. शिवाय दिवसाचे बजेट ठरवले, तरी एखाद्या दिवशी त्याच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो. हिशेब महिन्यावर जुळवला जातो. दिवाळीच्या आठवड्यात हे आधीच ठाऊक असलेले बरे.

राहता राहिला क्लिकचा भाव. तो लिलावात ठरतो, पण जास्त बोली लावणाराच वर जातो असे नाही. जाहिरात शोधाला किती अनुरूप आहे आणि क्लिकनंतर उघडणारे पान उपयोगी आहे का, हेही पाहिले जाते. म्हणून चकलीच्या जाहिरातीवरून थेट चकलीचे पान उघडावे. त्यावर वजन, भाव, घरपोच मिळण्याची तारीख आणि फोन नंबर ठळक असावा.