टप्प्याने मोजणी

टप्प्याने मोजणी ही एखाद्या संख्येपासून सुरुवात करून प्रत्येक वेळी तीच ठरावीक संख्या मिळवत पुढे जाण्याची अंकगणितातील पद्धत आहे. उदा. ५ च्या टप्प्याने मोजल्यास ५, १०, १५, २०, २५... हा क्रम मिळतो. सुरुवात शून्यापासून केल्यास त्या संख्येच्या पटी मिळतात. सुरुवात अन्य संख्येपासून केली तरी लगतच्या दोन संख्यांमधील फरक कायम राहतो. अशा क्रमास अंकगणिती श्रेढी म्हणतात. प्राथमिक शिक्षणात ही मोजणी बेरीज आणि गुणाकार यांना जोडणारा दुवा मानली जाते.

एकक स्थानचे आकृतिबंध

टप्प्याने मोजताना एकक स्थानचे अंक ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात.

• २ चा टप्पा : २, ४, ६, ८, ०
• ३ चा टप्पा : ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, ०
• ४ चा टप्पा : ४, ८, २, ६, ०
• ५ चा टप्पा : ५, ०
• ६ चा टप्पा : ६, २, ८, ४, ०
• ७ चा टप्पा : ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३, ०
• ८ चा टप्पा : ८, ६, ४, २, ०
• ९ चा टप्पा : ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २, १, ०

ज्या दोन टप्प्यांची बेरीज १० होते, त्यांचे क्रम (शेवटचे शून्य वगळता) परस्परांच्या उलट असतात. एकक अंकापुरता विचार केल्यास ७ मिळवणे आणि ३ वजा करणे यांचा परिणाम सारखाच असतो, हे त्याचे कारण होय. आवर्तनातील अंकांची संख्या काढण्यासाठी १० ला, १० व टप्पा यांच्या महत्तम सामाईक विभाजकाने (मसावि) भागतात. म्हणून ३ व ७ च्या टप्प्यांत दहाही अंक येतात, तर ४ व ६ च्या टप्प्यांत पाचच येतात.

वर्तुळावर ० ते ९ हे अंक समान अंतरावर मांडून हे क्रम रेषांनी जोडल्यास २ व ८ पासून पंचकोन, ४ व ६ पासून पाच टोकांची चांदणी आणि ३ व ७ पासून दहा टोकांची चांदणी तयार होते.

शंभरपर्यंतचा तक्ता

दहा ओळी व दहा स्तंभांच्या तक्त्यात २, ५ व १० च्या पटी उभ्या स्तंभांत येतात. ९ च्या पटी ९ पासून ८१ पर्यंत डावीकडे उतरणाऱ्या तिरप्या रेषेत दिसतात. ९ मिळवणे म्हणजे १० मिळवून १ वजा करणे. त्यामुळे दशक एकाने वाढतो व एकक एकाने घटतो. ९ पासून ९० पर्यंतच्या पटींमध्ये अंकांची बेरीज ९ राहते ती यामुळेच. ११ च्या पटी मात्र उजवीकडे उतरतात.

सुरुवातीची संख्या बदलल्यास आकृतिबंध सरकतो. ३ पासून ५ च्या टप्प्याने ३, ८, १३, १८... या संख्या मिळतात. त्यांना ५ ने भागल्यास बाकी नेहमी ३ उरते.

मराठी संख्यानामे

लिहिलेल्या अंकांत दिसणारी नियमितता मराठी संख्यानामांत पूर्णपणे ऐकू येत नाही. ९ पासून १० च्या टप्प्याने मोजल्यास एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असे शब्द येतात. त्यांत नऊचा उल्लेख नसून पुढील दशकाहून एक कमी असा अर्थ असतो. नव्व्याण्णव हा शब्द या रीतीला अपवाद आहे. पंधरा, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट या नामांत पाचचे रूपही बदलत जाते. त्यामुळे बोलण्यासोबत लेखनही केल्यास आकृतिबंध लवकर ध्यानात येतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत देण्यात आल्यावर महाराष्ट्रात त्यावर जाहीर वाद झाला होता.

अपूर्णांकांचे टप्पे

पारंपरिक मराठी शिक्षणात अपूर्णांकांचेही पाढे पाठ केले जात. पावकीत पाव, अर्धा, पाऊण, एक. निमकीत अर्धा, एक, दीड, दोन. पाउणकीत पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. तर सवायकीत सव्वा, अडीच, पावणेचार, पाच असे टप्पे येतात. दिडकी, अडीचकी व औटकी (साडेतीनपट) हे पाढेही प्रचलित होते. रुपयाचे १६ आणे असताना व्यवहारात त्यांचा मोठा उपयोग होई. १ एप्रिल १९५७ पासून भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली.

अध्यापन व मर्यादा

मण्यांची माळ, काड्यांचे गठ्ठे, संख्यारेषा, नाणी आणि घड्याळातील पाच-पाच मिनिटांचे टप्पे ही या मोजणीची नेहमीची साधने आहेत. केवळ क्रम पाठ असणे म्हणजे गुणाकार समजणे नव्हे. ७, १४, २१... म्हणणाऱ्या मुलाला ५६ ही कितवी उडी आहे, हे सांगता येईलच असे नाही. पाढ्यात ही ‘कितवी’ संख्याही उच्चारली जाते, हा दोहोंतील मुख्य फरक आहे. मधूनच सुरुवात करणे, उलट मोजणे आणि माहीत असलेल्या पटीपासून पुढे जाणे (सात पंचे पस्तीस, पुढे ४२, ४९, ५६) या सरावातून क्रमामागील संबंध स्पष्ट होतो. पुढे भागाकार, विभाज्यतेच्या कसोट्या आणि लघुतम सामाईक विभाज्य (लसावि) समजण्यास त्याचा उपयोग होतो. उदा. ४ व ६ च्या टप्प्यांत सामाईक येणारी पहिली संख्या १२ हाच त्यांचा लसावि होय.